झेलण्याजोगा चेंडू

आई, तू गेल्यावर मला जी नोकरी लागली, ती तुला सांगायची राहूनच गेली. कराडला घरात बसून मी अमेरिकेतल्या फुटबॉलचे सामने बघते आणि त्याचा मला पगार मिळतो. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक हातातच असतो. एक जण लांब फेकतो, दुसरा पळत जाऊन झेलतो. कुणाकडं टाकला, झेलला की सुटला, झेलून किती पुढं गेला, एवढं मी लॅपटॉपवर भरते. तिकडची माणसं खऱ्या खेळाडूंमधून आपापला मनातला संघ बांधतात. खेळाडूनं मैदानात झेललं की ह्यांना घरबसल्या गुण. म्हणून दर आठवड्याला कोण वर, कोण खाली, अशी क्रमवारीही आम्हीच लावतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आन् ह्याचं पैसं देत्यात व्हय?" देतात, आई.

गेल्या हंगामात एक नवा खेळाडू आला. त्याच्याकडं टाकलेले चेंडू फार सुटायचे, म्हणून तो क्रमवारीत तळाला. मी ते प्रसंग पुन्हा पुन्हा बघत होते. चेंडू कधी त्याच्या पाठीमागं जायचा, कधी पायाशी पडायचा. पुण्याहून आमचे सर फोनवर म्हणाले, "मॅडम, सुटला म्हणजे सुटला. आपण दुसरं काही भरत नाही." मी बरं म्हणून फोन ठेवला. पण समोरचा चहा निवून गेला तरी मला कडेगावचा आपला बांधच दिसत राहिला.

आबा आंब्यावर चढलेत. खाली पोत्याची दोन टोकं तुझ्या हातात, दोन माझ्या. आपटलेली कैरी लोणच्याला चालत नाही, म्हणून अलगद झेलायची. एक कैरी पोत्याबाहेर पडते आणि फुटते. वरून आबा म्हणतात, "तिला साधं झेलता येईना व्हय?" मी रडवेली. तू पोतं खाली ठेवतेस, कमरेवर हात देऊन वर बघतेस. "आवं, पोरगी बघती हिकडं, तुमी टाकताय तिकडं. आधी हाळी द्या, मग टाका. टाकणाऱ्याचं बी काय असतंय का न्हाई?" मग मात्र प्रत्येक कैरीआधी वरून आवाज यायचा, "आली गं." फुटलेल्या कैरीचा तू मेथांबा केलास आणि पातेलं खरवडायला मलाच दिलंस.

दुसऱ्या दिवशी मीच सरांना फोन लावला. वरच्या माणसाला उलट बोलायची मला सवय नाही, आणि ही नोकरी गेली तर कराडात दुसरी अशी कुठली मिळणार? तरी म्हटलं, "सर, झेलणाऱ्याचं मोजतो तसं टाकणाऱ्याचंही मोजूया. चेंडू झेलण्याजोगा होता का, एवढा एक रकाना वाढवा." ते म्हणाले, "पाठवा तसे काही प्रसंग." पाठवले. बरेच दिवस काहीच कळलं नाही. मग एका सकाळी लॅपटॉप उघडला तर नवा रकाना आलेला. तो खेळाडू तेवढ्यानं काही पहिला आला नाही, पण तळातून निघाला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरली. सांगावं असं माणूस तूच होतीस.

हे कुठं पाठवायचं नाही, लिहून इथंच ठेवते. पण एक गोष्ट तुला सांगते. काही चेंडू असे येतात की झेलण्याजोगा होता की नव्हता, कितीदा बघूनही ठरत नाही. तेव्हा मी 'नव्हता' असंच भरते. सरांना हे माहीत नाही.