टेबल आता हलवायचं नाही

प्रांजली,

दार वाजवलं, पण तू कानात इयरफोन घालून कपाटाला लेबलं लावत होतीस. म्हणून लिहून जातोय. इंदरगंजात काम आहे. पोहे झाकून ठेवलेत.

नऊ दिवसांत तुझं टेबल चारही भिंतींना लावून झालं. पाचवी भिंत मी बांधणार नाही. वेळापत्रक सुरेख आहे, पाणी प्यायलासुद्धा हिरवा रंग दिलायस. फक्त पीएचडीच्या फॉर्मवर गाइडची सही नाही आणि शेवटची तारीख आज आहे. चार वाजले की विद्यापीठातला बाबू "अब कुछ नहीं हो सकता" म्हणून खिडकी लावून घेतो.

तुझ्या गाइड मॅडम मागच्या सेमिस्टरला सगळ्यांसमोर काय बोलल्या, ते ताईनं मला फोनवर सांगितलंय. मी विचारणार नाही. तूही आज एवढंच म्हण, "मॅडम, सही हवी होती."

एक वाजता स्कूटर घेऊन दाराशी येतो. तयार राहा. विभागापर्यंत सोडेन, आत येणार नाही.

त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझा प्रबंध आहे, सत्तावीस वर्षं. फार नीट लावलाय, द्यायचा तेवढा राहिला. त्याला शेजार नको.

सुश्रुतमामा