न्हाणीघराचे माप

मी, या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत उभी हयात शिवणकाम करून प्रपंच चालवलेली बाई, वय बहात्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. सुईत दोरा अजून मीच ओवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. म्हणजे आणून पाहिला, पण लागू पडला नाही. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही, आणि त्याच दमात विचारतात की घरी कोण कोण असते. तेव्हा हे सोमवारच्या आत लिहून झालेले बरे.

कलम १. माणसे.
माझे पती (यापुढे नुसते 'हे', कारण आयुष्यभर मी तेच म्हणत आले) हयात नाहीत. मला एक मुलगा, थोरला. आणि एक मुलगी, धाकटी. थोरला परगावी नोकरी करतो, बायकामुलांचा धनी आहे. धाकटी शाळेत भूगोल शिकवते, लग्न केलेले नाही, माझ्याजवळ राहते. तिच्या पायांच्या स्नायूंना आजार आहे आणि तो हळूहळू वाढणारा आहे. हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि घरात त्याचा उच्चार करायचा नाही असा तिचा दंडक आहे. आज ती भिंतीला हात लावत चालते. पुढे काठी लागेल, त्याच्याही पुढे चाकाची खुर्ची. कधी, ते कोणी सांगू शकत नाही.

कलम २. घर.
राहते घर माझ्या पश्चात धाकटीचे. तिच्या मर्जीवाचून ते कोणी विकू नये. थोरल्याला हे आवडणार नाही, कारण शनिवारी तो गिऱ्हाईक घेऊन घर दाखवायला येणार आहे. फोनवर मला म्हणाला, "आई, तू आहेस तोवर ठीक आहे. पण नंतर ती एकटी त्या घरात कशी राहील? बाथरूमला हा एवढा उंबरा, आत फरशी निसरडी. घर विकू आणि तिला एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवू."

"ठेवू" मला झोंबले. ठेवतात ते सामान. पण त्याच्या बोलण्यातले एक खरे होते आणि त्यानेच माझी झोप उडवली. पोळ्या कोणीही लाटून देईल, बाजारहाट कोणीही करील. आंघोळीला दुसऱ्याचा हात धरावा लागला, की माणूस कुठेही जायला कबूल होतो. धाकटी या घरात राहणार की नाही, ते न्हाणीघरावर ठरणार आहे.

कलम ३. न्हाणीघराचे काम.
बँकेतील माझी ठेव सर्वप्रथम या कामासाठी खर्च करावी. काम उद्या सुरू होईल. मी इस्पितळातून परत आले नाही तरी ते थांबवू नये.

मी वाढत्या मुलाचा कपडा शिवते, तेव्हा शिवणीत माया ठेवते, म्हणजे जादा कापड आत दुमडून शिवते. बाहेरून काही दिसत नाही. मूल वाढले की उसवायचे आणि कपडा पुन्हा बसतो. न्हाणीघरही तसेच बेतावे. उंबरा काढून फरशी बाहेरच्या पातळीला आणावी, ती खरखरीत असावी, आणि पाणी जाळीकडे जाईल एवढाच उतार ठेवावा. बेसिनखाली आज कपाट असू दे, पण असे की उद्या काढले तर खुर्चीतल्या माणसाचे गुडघे तिथे मावतील. भिंतीला घडीचा बाक लावावा. तो दुमडून ठेवला की कोणाच्या डोळ्यांत येत नाही. आणि जिथे जिथे आधाराची दांडी लागेल, तिथे टाइल्सच्या मागे जाड फळ्या बसवाव्यात, म्हणजे वेळ येईल तेव्हा भिंत न फोडता स्क्रू मारता येतील.

गवंड्याला हे पटत नव्हते. "काकू, फळ्या घालायच्याच तर दांड्या आत्ताच लावून टाकतो की."

"आत्ता लावल्यास तर ती आत पाऊल टाकणार नाही," मी म्हटले.

कलम ४. मापाविषयी, आणि हे कलम धाकटीने शांत डोक्याने वाचावे.
मी धाकटीला सांगितले आहे की हा सगळा घाट माझ्यासाठी आहे, शस्त्रक्रियेनंतर मला जपावे लागेल म्हणून. तीही म्हणाली, "कर आई, तुला बरं पडेल." वर्गातल्या चाळीस पोरांच्या थापा जी एका नजरेत ओळखते, तिने माझी थाप निमूट गिळली.

पंचाईत काल झाली. गवंडी भिंतीवर पेन्सिलीने खुणा करायला आला, तेव्हा धाकटी दारातच उभी होती. त्याने विचारले, बाक किती उंच? मी काय सांगणार? माझेच माप दिले. मी बुटकी आणि ती वडिलांसारखी ताडमाड. ज्याच्या गुडघ्यांत जोर नाही, त्याला बैठक उंच लागते. त्या बाकावर धाकटी एकदा बसली की तिला उठता यायचे नाही. जन्मभर दुसऱ्यांची मापे घेतली आणि पोटच्या पोरीला चुकीच्या मापाचे न्हाणीघर शिवून चालले आहे. गवंड्याला गुपचूप सांगावे, तर त्याची कुजबुज तीन घरे ऐकतात. म्हणून इथे लिहिते: बाक आणि सर्व दांड्या पेन्सिलीच्या खुणांच्या चार बोटे वर बसवाव्यात. हे वाचले जाईल तोवर टाइल्स लागून गेलेल्या असतील, हेही मला कळते. पण दुसरे काही सुचत नाही.

कलम ५. दार.
न्हाणीघराचे दार आत उघडते. बाहेर उघडले तर जाण्यायेण्याच्या वाटेत आडवे येईल, असे माझ्या दिरांनी घर बांधताना ठरवले. दिरांना मी क्षमा केलेली नाही. ती या कागदात शोधू नये. हे एका सकाळी आत घसरले आणि नेमके दाराला टेकून पडले. थोरला तेव्हा कॉलेजात होता. त्याने खांदा लावून दार ढकलले की आतून हे कण्हायचे. तो थांबायचा. मी म्हणायचे, ढकल. तो पुन्हा ढकलायचा. शेवटी सुताराने दार खालून कापले, तोवर कण्हणे थांबले होते.

कापलेल्या जागी पत्रा ठोकून तेच दार पुन्हा लागले, कारण दुसऱ्या दाराची ऐपत नव्हती. त्या दिवसापासून घरात एक रीत पडली. आत कोणी असले की बाहेरच्याने मधूनमधून हाक मारायची आणि आतल्याने ओ द्यायची. पाहुणेही यातून सुटत नाहीत. माझ्या विहीणबाईंनी साबण लागल्या तोंडाने ओ दिलेली आहे. गेल्या महिन्यात मी हाक मारली आणि धाकटीने ओ दिली नाही. मी दार ढकलले. ते अडले नाही, नशीब माझे. ती फरशीवर बसली होती. "साबण शोधतेय," म्हणाली. साबण तिच्या हातात होता. त्याच दिवशी मी गवंड्याला निरोप धाडला.

काल थोरल्याने परस्पर गवंड्याला फोन करून काम थांबवायला सांगितले. गवंडी माझ्याकडे बघत राहिला, "दादा नको म्हणतायत." मी त्याच्या हातातून फोन घेतला. थोरल्यावर तोंड सोडणार होते, तेवढ्यात तो म्हणाला, "आई, मला पुन्हा ते दार ढकलायला लावू नकोस." इतकी वर्षे मला वाटत होते की त्याचा डोळा घरावर आहे.

तर नवे दार बाजूला सरकणारे असावे, खुर्ची जाईल इतके रुंद. जुने दार मी थोरल्याला देते. गवंड्याने त्याला हात लावू नये. शनिवारी थोरल्याने येताना गिऱ्हाइकाऐवजी पेचकस आणावा, बिजागऱ्या स्वतः काढाव्यात, आणि दाराचे जे करावेसे वाटेल ते करावे. जाळले तर मला आनंदच आहे.

कलम ६. किरकोळ.
शिलाई मशीन माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीला. मोठी कात्री तिलाच; धाकटीला मुळीच नाही, ती त्या कात्रीने नकाशे कापते. उरलेली ठेव दोन्ही मुलांत सारखी. कपाटातला राखाडी कोट ज्या गृहस्थांचा आहे, त्यांनी तीनदा बगल सैल करून घेतली आणि शेवटी "आता फॅशन गेली" म्हणून नेला नाही. तो त्यांना फुकटसुद्धा देऊ नये.

कलम ७. व्यवस्थापक.
या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी थोरल्याला नेमते. बहिणीला तिच्या मर्जीविरुद्ध या घरातून कोणी हलवणार नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्याची. ती तो नीट पार पाडील, कारण तिच्याबद्दल माझ्याइतकी भीती त्यालाच वाटते.

सही करण्यापूर्वी आज जोडलेले कलम.
साक्षीदार यायच्या आधी मी न्हाणीघरात गेले. गवंड्याच्या पेन्सिलीच्या खुणा खोडलेल्या होत्या. त्यांच्या चार बोटे वर, कापडावर आखायच्या माझ्या निळ्या खडूने नव्या रेघा ओढलेल्या होत्या. बाकाची रेघ, दांड्यांच्या रेघा. कमोडशेजारी मला सुचलीही नव्हती अशी एक. सगळ्यात वरची रेघ थोडी थरथरलेली होती. ती ओढताना तिला भिंतीचा आधार सोडावा लागला असणार.

मी कमोडवर झाकण लावून बसले. बाहेरून धाकटीची हाक आली, "आई?"

"ओ," मी म्हटले.

ती म्हणाली, "गवंड्याला सांग, निळ्या खुणा धरायच्या. आणि दांड्या आत्ताच लावू दे."

सबब कलम ४ मी रद्द करीत आहे. कलम ३ मधील दांड्या पुढे कधीतरी लावण्याची सूचनाही रद्द. माप ज्याचे त्याने दिलेले आहे आणि ते भिंतीवर आहे. थोरल्याने ते शनिवारी आपल्या डोळ्यांनी पाहावे.

हे सर्व मी वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमोर सही करून पुरे केले.

ठिकाण : शिवणाची खोली, राहते घर
दिनांक : २१ नोव्हेंबर, गुरुवार

(सही) लिहून ठेवणार, शिवणकाम करणारी

साक्षीदार १ : (सही) वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई
साक्षीदार २ : (सही) कोपऱ्यावरचे औषधवाले. यांनी सही करण्याआधी न्हाणीघर वापरले. धाकटीने बाहेरून हाक मारली आणि त्यांनी ओ दिली.