हंड्यावरची हौसा

त्या सकाळी झाडलोट आटोपून मी चिंचेनं तांब्याचा हंडा घासत होते. तेवढ्यात खारबावहून माझा भाचा, लहानूदादाचा केसरीनाथ, भोईर घराण्याची वंशावळ घेऊन आला.

"आते, कोंडू, कोंडाजी आन कोंड्या, या तीन भावांतला थोरला कोन?"

कोंडू माझे वडील. त्यांना भाऊच नव्हता. कागदावर मात्र तिघे होते, आणि कोंडूखाली मुलगा लहानू, मुलगी हौसा, 'बालपणी मयत'.

"ही कशानं गेली रे?"

"बाबा सांगतो, गोवर झाला व्हता."

"बिचारी. आणि मी कोणाची?"

"तू कोंडाजीची शेवंता. बाबाची चुलत बहीण."

खारबावची जमीन कोंडूच्या नावावर आहे. कोंडाजीच्या नावावर काही नाही. गोदामवाले नुकतेच जमीन बघून गेले होते.

म्हणून मी, शेवंता तुळशीराम तरे, माहेरची हौसा कोंडू भोईर, राहणार नारपोली, भिवंडी, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. एकदा नकळत वारले, या वेळी आधी लिहून ठेवलेलं बरं.

१. नारपोलीची खोली आणि पोस्टातली शिल्लक माझी मुलगी मंदा हिला. शेजारच्या पॉवरलूममुळे भिंत हादरते, तरी तिच्या वडिलांचा फोटो तिथून काढू नये. जन्मभर लूम दुरुस्त केलेल्या माणसाला त्याची सवय आहे.

२. यजमानांचे पाने आणि पक्कड, त्यांच्याबरोबर काम केलेल्या रामनाथला. यजमान गेल्यापासून दर शनिवारी मी या हत्यारांना तेल लावत आले आहे. गंज चढू देऊ नये.

३. नावाविषयी. सासरी हौसा नावाची नणंद आधीच होती. म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'शेवंता' लिहिलं. मला वाचता येत नव्हतं. कोणीतरी मोठ्यानं वाचलं तेव्हा मी कोण ते मला कळलं. यजमान मात्र आम्ही दोघंच असलो की हौसाच म्हणत. ते गेल्यापासून या घरात त्या नावानं कोणी हाक मारलेली नाही.

४. माझे वडील जमिनीच्या दप्तरात कोंडू, मिठागराच्या मुकादमाच्या तोंडी कोंड्या आणि मतं मागायला येणाऱ्यांच्या तोंडी कोंडाजी होते. माणूस एकच होता, ताटही एकच लागे. केसरीनाथनं एका माणसाची सगळी नावं एकाच जागी लिहावीत, कोण कोणत्या नावानं हाक मारी तेही लिहावं. नवा आजोबा जन्माला घालण्याआधी गावातल्या एखाद्या म्हातारीला विचारावं.

५. तांब्याचा हंडा मंदाला. स्टीलच्या मोहापायी मोडीत घालू नये. त्यावर नाव घातलं आहे: 'चि. सौ. कां. हौसा हिस बंधू लहानू कोंडू भोईर यांजकडून लग्नाची भेट.' दादाचं नाव माझ्या नावाच्या दुप्पट मोठं आहे. पैसे त्यानं दिले होते. पुढे घासता घासता याच हंड्यावर मी अक्षरं शिकले, त्यामुळे वाचायला सगळ्यात आधी आलं ते त्याचं नाव.

६. खारबावच्या जमिनीतला माझा हिस्सा मंदाला. लहानूदादाला काही नाही. गोवराबद्दल मी त्याला माफ केलं आहे, जमिनीबद्दल नाही.

७. केसरीनाथ येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हा हंडा घेऊन खारबावला गेले. दादा आणि केसरीनाथ ओटीवर बसले होते. मला बघून दादा उठला.

"हौसे, येवढ्या उन्हाची कशाला आलीस?"

केसरीनाथ बापाकडे बघत राहिला. मी नावाची बाजू पुढे करून हंडा ओटीवर ठेवला आणि प्यायला पाणी मागितलं.

सही: शेवंता तुळशीराम तरे
सही: हौसा कोंडू भोईर
(दोन्ही सह्या एकाच बाईनं आमच्यासमोर केल्या.)

साक्षीदार: वाल्मीक महादू जाधव, मीराबाई नवशा म्हात्रे
नारपोली, भिवंडी, ता. ९ मार्च १९९३