रामधनची बाटली

यवतमाळ, १२ एप्रिल १९६३

आज पांढरकवड्याच्या बाजारात रामधनची याडी भेटली. याडी म्हंजे त्याची माय. "रामधनचा दोस्त ना तू? उन्हाचा काहून फिरून राह्यला?" म्हणत तिनं गिलासभर आंबील दिली. तोंडापाशी नेली अन् हात थांबला. तोच आंबूस वास.

सहा वर्षं झाली असतील. लोहाऱ्याच्या सडकेवर आम्ही दोघं सायकली हाणत जात होतो. तो हसत पुढं निघून जाय. काय दिवस होते ते! मंग जिल्ह्याच्या सायकल शर्यतीआधी तो पंधरा दिवस एकटाच जंगलातल्या आपल्या तांड्यावर सरावाले गेला, अन् परतला तो वारा होऊन. हँडलले एक बाटली बांधलेली. जंगलात काय पेत असन हा? मीच पंचाले सांगतलं, त्याची बाटली हुंगून पाहा. ज्वारीची आंबील उन्हात दारूसारखी वास मारते, हे आमच्या घरी कोणाले ठाऊक? पंचानं त्याले शर्यतीतून काढलं. "पिऊन तं पाहा," रामधन म्हणत राह्यला. कोणीच पेलं नाही. मी तं नाहीच.

त्यानं सायकल इकून टाकली.

आज तो गिलास मी पुरा रिकामा केला. याडी म्हणाली, "त्याले बाटलीत हेच भरून देत होती मी. कोण्या मेल्यानं चुगली केली, देव जाणे. आणखी घे बेटा."

मी गिलास पुढं केला.