ओसमोनकाकांच्या घरचा आशीर्वाद

ओश, रविवार

प्रिय बुरुलचा,

प्रभूची शांती तुझ्यावर आणि आईवर असो. मी बरा आहे, टायरचं दुकानही जोरात आहे. आईचा खोकला कसा आहे?

आता घाबरू नकोस. शेजारचे दुकानदार ओसमोनकाका, त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. त्यांनी मानाच्या पाहुण्याचं मेंढीचं डोकं माझ्यापुढे ठेवलं, म्हणजे उठण्याआधीचा आशीर्वाद मीच म्हणायचा. नेहमीचे मुसलमानी शब्द म्हटले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण आपल्याला येशूत तारण मिळालं ते काय घरात लपवून ठेवायला? हात पसरले. म्हटलं, "येशूच्या नावाने या घरात सुख नांदो."

आमीन म्हणून कुणीच तोंडावरून हात फिरवले नाहीत. आपल्या गावचा अशीर म्हणाला, "वा शेठ! आपलं कब्रस्तान तर तुला घेणार नाही, मग मेल्यावर पुरायचं कुठे, टायरात?" सगळे हसले. मीही हसलो.

तेवढ्यात काकूंनी एकट्यांनीच तोंडावरून हात फिरवला. "आशीर्वाद दिलाय त्याने, शिवी नाही. आमीन!"

अशीर शुक्रवारी गावी येतोय, म्हणजे हे सगळीकडे होणार. गाव आपल्याला वाळीत टाकेल, या धास्तीने झोप नाही. म्हणून हे पत्र आधीच गावाकडे येणाऱ्या ड्रायव्हरकडे देतोय. आईला तूच सांग. रात्री कडी लाव. दिवसा कुणी विचारायला आलं तर आधी चहा दे, मग खरं ते सांग.

मीही शुक्रवारीच निघतोय, अशीरच्याच गाडीने, त्याच्याच शेजारी बसून. त्यानंतर दार तू एकटीने उघडायचं नाही, मी सोबत असेन.

तुझ्यासाठी गुडघे टेकणारा,
तुझा कुबात