पंचफुलाची दोन तासांची फिल्म

१२ एप्रिल २००७, गुरुवार, सकाळी

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद पायजे. २७ मेले पंचफुला जाऊन वर्ष होते. त्या दिवशी भंतेजी येतील, पुण्यानुमोदन होईल, जेवणं होतील, अन् मग मी टीव्हीवर तिची फिल्म लावीन. दोन तासांची. टायटल, म्युझिक, सगळं टाकून. भातकुलीत आजवर कोणी आपल्या बायकोची फिल्म केली नाही.

मटेरियलची काळजी नाही. नऊ वर्षं ती माह्यासंग लग्नाच्या शूटिंगले आली. मी कॅमेरा धरे, ती हजार वॉटचा हॅलोजन धरे. लोक तिले लाईटवाली बाई म्हणत. नऊ वर्षांत ती किती वेळा कॅमेऱ्यात आली असेल, मोजदाद नाही. सगळं कॉम्प्युटरात आहे. तिच्या नावाचा फोल्डरच आहे. फक्त जोडायचं.

भिंतीवरची तिची फ्रेम मतदार कार्डावरून मोठी केलेली आहे. नाक कुठं संपलं अन् गाल कुठं सुरू झाला ते कळत नाही. तात्पुरती आहे. फिल्ममधून चांगला चेहरा काढीन अन् बदलून टाकीन.

दुपारी

त्रेचाळीस डिग्री. कॉम्प्युटर तापून बंद पडला. मी डोकं लावलं. कॉम्प्युटरच्या डब्याचा बाजूचा पत्रा काढला अन् कूलरचं तोंड सरळ त्याच्या आत केलं. कूलरले नवीन वाळा लावला आहे. आता मशीन पंचफुलासारखं गार राहीन. तिले उन्हाचा कधी त्रास झाला नाही.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक शूट केली. लाईट धरायले भाड्याचा माणूस घेतला. त्यानं सारा वेळ लाईट माह्याच डोळ्यावर मारला. पंचफुलाले कधी सांगावं लागलं नाही. मी वळलो की लाईट वळे.

घरी आलो तर कॉम्प्युटरातून टक, टक, टक. कूलरचा पंप असेल.

रात्री कूलर बंद केला. आवाज चालूच. उद्या पाहू.

१७ एप्रिल

हार्डडिस्क दिसून नाही राहिली. दिवसातून आठ-दहा तास लाईन जाते, कोणतं मशीन टिकन? दोष लाईनचा आहे. डब्यात पाण्याचे थेंब दिसले, पण त्याचा काही संबंध नाही.

१९ एप्रिल

एका गिऱ्हाइकानं उपाय सांगितला. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायची, गारठली की चालू होते. माह्याकडे फ्रीज नाही. शेजारच्या बेबीताईकडे आहे, ती पेप्सी-कुल्फी विकते. तिनं इचारलं, काय हाय हे. मी म्हटलं पंचफुला आहे याच्यात. तिनं कुल्फ्या सरकवून जागा केली.

२० एप्रिल

काल दुपारी लाईन गेली ती रात्री आली. कुल्फ्या वितळल्या. डिस्क गुलाबी पाण्यात पोहून राहिली होती. उन्हात वाळत ठेवली आहे. बेबीताई रागावली नाही, हेच जास्त लागलं.

२६ एप्रिल, अकोला

अजहर म्हणून पोट्टा आहे, तहसीलमागे कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान. हुशार म्हणतेत. त्यानं डिस्क कानाले लावली, मग हुंगली. म्हणे, चाचा, इसमें से स्ट्रॉबेरी की बू आ रही है. मी सगळं सांगितलं. कूलरचं ऐकून त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. म्हणे, कूलर पानी फेंकता है चाचा, तुमी वर्षभर मशीनले आंघोळ घातली असती तरी चाललं असतं, एवढं वाईट झालं नसतं. आजकालच्या पोट्ट्यांले बोलायची पद्धत नाही.

त्याले याच कंपनीची, याच मॉडेलची दुसरी डिस्क पायजे. तिचा भाग काढून याच्यात टाकन. मी म्हटलं दोन दिवसांत आणतो.

३ मे

लेकीचा, प्रियदर्शनीचा फोन. ती अकोल्यालेच असते, शाळेत शिकवते. तिची मुलगी तुबडी दहा महिन्यांची झाली, आजी गेल्यावर महिन्याभरानं झालेली. प्रिया म्हणे, बाबा, मले आईचा आवाज आठवून नाही राहिला. चेहरा आठवते, आवाज येत नाही. फिल्ममध्ये ती बोलते ना? मी म्हटलं, भरपूर. थांबवावं लागते इतकं बोलते.

मग तिनं नेहमीचं काढलं. डॉक्टर म्हणाले होते, दुखणं वर्षभराचं आहे, तुमच्या ध्यानात कसं आलं नाही. मी म्हटलं, काही दिसतच नव्हतं त काय ध्यानात येईन? मी कॅमेरेवाला माणूस. नवरीच्या कानातलं फूल वाकडं झालं तरी मले शंभर लोकांतून दिसते. दिसण्यासारखं असतं तर मले दिसलंच असतं.

९ मे

डिस्क कुठंच नाही. अमरावतीची सगळी दुकानं फिरलो. यंदा लग्नाच्या ऑर्डरी तीनच. मयतांच्या फ्रेमांचं काम मात्र रोज. लोक लग्नातला ग्रुप फोटो आणतेत, एका माणसावर बोट ठेवतेत, म्हणतेत याले एकट्याले मोठा करून द्या. काल एका गावचे दोन आले. मी कशानं गेले ते इचारत नाही, शर्टाचं बटन बंद करून देतो.

११ मे, बडनेरा

सापडली. स्टेशनजवळचं बंद पडलेलं सायबर कॅफे. मालकाले पंचफुलाचं सांगितलं. त्यानं कॉम्प्युटर उघडून डिस्क हातावर ठेवली. म्हणे, घेऊन जा काका, माह्या लग्नात लाईट त्याच बाईनं धरला होता. मले तिचं लाईट धरणं लोकांच्या ध्यानात असेल असं वाटलं नव्हतं.

१५ मे

अजहरचा फोन. सगळं निघालं. सगळं. मी एसटी स्टँडवर उभ्यानंच रडलो. ऊन होतं, कोणाले कळलं नाही.

१८ मे

अजहरच्या दुकानात दिवसभर. पंचफुला नावाचा फोल्डर उघडला. रिकामा आहे. मी म्हटलं डिस्कनं खाल्लं. अजहरनं तीनदा पाहिलं. म्हणे, चाचा, फोल्डर बनवला २००३ मध्ये, त्याच्यात कधी काही टाकलंच नाही.

पोट्ट्याले काय कळते. दुसरीकडं ठेवलं असेल.

२१ मे

दुसरीकडं नाही. लग्नांचे मोठे मोठे भाग सीडी दिली की मी पुसून टाके, जागा करायले. टेपाही पुढच्या लग्नाले वापरे. अन् राहिलेल्यात ती नाही. एकाही वरातीत, एकाही पंगतीत नाही. ती लाईटमागं होती. लाईटमागचा माणूस कॅमेऱ्यात दिसत नसते, हे मी नऊ वर्षं लोकांले शिकवलं.

एकदा ती निळं लुगडं नेसून स्टुडिओत खुर्चीवर येऊन बसली होती. म्हणे, माहंही काढा कधी. मी म्हटलं, सीझन संपू दे.

प्रियाले काय सांगू? डिस्क मेली म्हणून सांगता आलं असतं. या हरामखोर पोट्ट्यानं ती जिवंत केली.

२४ मे

अजहरनं एक गोष्ट काढली. बारीक बारीक फायली, एकसष्ट, पाच-सहा सेकंदांच्या. लहान म्हणून मी कधी पुसल्या नाहीत. म्हणे, चाचा, हा पांढरा पांढरा कचरा काय हाय?

व्हाईट बॅलन्स. शूटिंग सुरू करायच्या आधी कॅमेऱ्यासमोर पांढरा कागद धरावा लागते, नाहीतर रंग चुकतेत. कागद पंचफुला धरे. ड्रॉइंगचा मोठा कागद, तोंडापुढं. कागदाच्या दोन बाजूले तिची बोटं अन् हिरव्या बांगड्या. अन् आवाज.

झालं काय? धरू का अखीन? इकडून ऊन येऊन राहिलं, सरका. तुमी जेवले काय? झालं काय?

अजहरनं दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं अन् बाहेर जाऊन उभा राहिला.

मी तारखेनं लावून पाहिल्या. पहिल्या फायलींत कागद भिंतीसारखा उभा. २००५ च्या दिवाळीनंतरच्या लग्नात कागद हलून राहिला. पुढच्यात जास्त. फेब्रुवारीत तर तो खाली खाली येते, बांगड्या कोपराकडं घसरलेल्या, मनगट काडीवानी. मागून माहा आवाज आहे. पंचफुला, हलवू नको. नीट धर. ती म्हणते, धरलाच हाय की. मी म्हणतो, मले दिसून राहिलं ना.

मले दिसून राहिलं ना. माह्याच तोंडचं आहे. मले दिसत होतं. मी फोकस करून पाहत होतो.

२७ मे, रविवार

भंतेजी आले, वंदना झाली. भिंतीवर मतदार कार्डाचीच फ्रेम. फिल्म लावली. सहा मिनिटं, म्युझिक नाही. फेब्रुवारीवाली काढून टाकायची ठरवलं होतं, हात उचलला नाही.

बेबीताई पदर तोंडाले लावून बसली. तुबडी टीव्हीजवळ रांगत गेली अन् कागदाच्या मागं कोण आहे ते पाहायले टीव्हीच्या मागं जाऊन आली. प्रियानं फिल्म तीनदा लावली. डोळे मिटून ऐकली. मग मले एकच इचारलं. म्हणे, बाबा, एकसष्ट वेळा धरला तिनं, एकदा तरी तुमी काहून नाही म्हटलं का कागद खाली कर?

मी म्हटलं, टेप वाया गेली असती.