‘एक्स्ट्रा’चा विग्रह

४ फेब्रुवारी, मंगळवार
स्वस्ति श्री! एकशे अकरा केळींचे प्रतिपालक, जास्वंदीच्या कुंपणाचे चक्रवर्ती, गोखिवऱ्याच्या शाळेतील संस्कृताचे अखेरचे आधारस्तंभ, विधुरकुलभूषण आत्माराम चुरी स्वहस्ते लिहितात, की आज त्यांचे हृदय भग्न झाले.

कन्या नेत्रा हिला पुण्यात नोकरी लागली. ‘बाबा, तुम्हीही चला, मी दोन खोल्यांचं घर बघते,’ असे सकाळी म्हणाली. दुपारी नेमणूकपत्रास हळदकुंकू वाहिले, शेजाऱ्यांस जमवून पाऊण तास भाषण केले. संध्याकाळी ती मैत्रिणीस, राधिकेस, फोनवर सांगत होती — ‘यार, माझे बाबा ना, फारच एक्स्ट्रा आहेत!’ आणि हसली! मी दाराआड उभा.

५ फेब्रुवारी
एक्स्ट्रा. अर्थात अतिरिक्त. उपसर्ग अति, धातू रिच् — गरज भागल्यावर जे उरते ते. विशेषण. विशेष्य — मी.

८ फेब्रुवारी
नकार कळवला. ‘पुण्यनगरीत आम्हांस केळीच्या पानावर कोण वाढील?’ ती हसली नाही.
‘बाबा, नाटक नको. यायचंय की नाही?’
‘नाही.’
‘नक्की?’
‘नक्की.’ आयुष्यात प्रथमच एका शब्दात उत्तर दिले.
‘बरं. मग मी राधिकासोबत राहते.’

१६ फेब्रुवारी
नेत्रा गेली. भाषण केले नाही.

२१ फेब्रुवारी
नववीच्या वर्गात शॅननला विचारले — माणसास ‘एक्स्ट्रा’ म्हणतात, ते उरलेला म्हणूनच ना?
‘उरलेला नाय हो सर! एक्स्ट्रा म्हणजे फुल ड्रामा! साध्या गोष्टीचं पण ओव्हर करतात ना, ते. माझी मम्मी पण एक्स्ट्रा आहे — मला गणितात पस्तीस पडले तर केक कापला! लाडाने बोलतो आम्ही.’
वर्ग हसला. मी फळ्याकडे वळलो. फळा कोराच होता, तरी पुसला.

२२ फेब्रुवारी
नेत्रास फोन करून सर्व सांगितले. ती म्हणाली, ‘बाबा, मला वाटलं, तुम्हाला मीच नकोशी झाले.’

पण आता पुण्यात राधिकेसोबत तिची एकच खोली आहे. करार अकरा महिन्यांचा.

दूधवाल्यास ‘यापुढे अर्धाच लिटर’ सांगून सहा दिवस झाले. आजही एक लिटर ठेवून गेला; अर्धा अतिरिक्त. फोनही उचलत नाही!